नामथिंग पोखरीचा सॅलमँडर वॉक : पाचातले चार, तेही भर पावसात

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढंच हवंय ते मोकळे होतील. पाचातले चार. बरोबर लहान मुलं असतील आणि ती जळू बघून किंचाळणारी असतील तर तीन. आणि पैसे दिलेत म्हणजे प्राणी दिसलाच पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांनी प्लीज जाऊच नका, त्यांच्यासाठी दार्जिलिंगचं झू आहे, त्यावर खाली लिहिलंय.

तर सर्व्हिस काय आहे. दार्जिलिंग जिल्ह्यात सिटाँग आणि लाटपांचारच्या डोंगरात, शेलपूच्या बाजूला नामथिंग पोखरी म्हणून एक तळं आहे. पोखरी म्हणजे तळंच. आजूबाजूच्या होमस्टेमधून पावसाळ्यात तिथे हिमालयन सॅलमँडर, म्हणजे बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला प्राणी, बघायला वॉक ठरवून मिळतो, गावातलीच मुलं गाइड म्हणून येतात. एक वॉक अंधार पडल्यावर, एक सकाळी, आम्ही दोन्ही घेतले आणि माणशी ५०० रुपये पडले, जे मला तरी अजिबात जास्त वाटले नाहीत. सिटाँगला लोक हिवाळ्यात संत्र्यांच्या बागा बघायला जातात, लाटपांचारला मार्च-एप्रिलमध्ये कॅमेरेवाले धनेशाचे फोटो काढायला जातात, आणि जून-जुलैमध्ये कोण जातं तर कुणीच नाही, त्यामुळे होमस्टेचे रेटही खाली आणि शांतताही फुकट.

आता हा प्राणी काय आहे ते थोडं सविस्तर सांगावं लागेल कारण त्याशिवाय वॉकची मजा कळणार नाही. आपल्याकडे सह्याद्रीत बेडूक भरपूर, देवगांडूळही (गांडुळासारखे बिनपायाचे उभयचर) आहेत, पण शेपटीवाले उभयचर शून्य. भारतात हा प्रकार फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे, आणि तिथेही एकाच गटातले, टायलोटोट्रायटन नावाच्या. म्हणजे आंबोलीच्या नाईट ट्रेलला कितीही पावसाळे घातलेत तरी हा दिसणार नाही. दिसायला पहिल्या नजरेत ओली जाडजूड पाल, पण पाल खवलेवाली सरपटणारी, आणि हा बेडकाचा भाऊबंद, अंगावर खवला नाही, कानाला बाहेरून भोक नाही, नखं नाहीत. वीतभर लांब, काही थोडे कमी. रंग काळपट तपकिरी, काहींची शेपटी खालून पिवळसर-नारिंगी. डोक्यावर हाडाच्या उंच कडा आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना गाठींची ओळ, प्रत्येक बाजूला साधारण पंधरा-सोळा. त्या गाठी शोभेच्या नाहीत, तिथे विषाच्या ग्रंथी असतात. कुणी धरलं की त्यातून स्राव येतो, त्यामुळे खाणाऱ्याला तो कडू पडतो. याच्या संथपणाचं कारण हेच असावं असं मला बघताना वाटत होतं, ज्याला पळायची गरजच नाही तो कशाला पळेल.

नावाचा घोळ पण आहे बरं का. १८७१ मध्ये जॉन अँडरसनने चीनच्या युन्नानमधून या गटातल्या पहिल्या प्राण्याचं वर्णन केलं आणि त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं दार्जिलिंगचे, नेपाळचे, सगळे त्याच नावाखाली खपवले गेले. मग २०१५ मध्ये पूर्व नेपाळच्या इलाम भागातल्या प्राण्यांवरून हिमालयातली जात वेगळी आहे असं मांडलं गेलं आणि तिला हिमालयानस हे नाव मिळालं. इलाम आणि दार्जिलिंग म्हणजे एकाच डोंगररांगेचे शेजारी, दोन्हीकडे चहा, दोन्हीकडे तेच धुकं, त्यामुळे दार्जिलिंगचे पण आता त्याच नावाने ओळखले जातात. जुन्या पाट्यांवर, जुन्या माहितीपत्रकांत अजून जुनंच नाव दिसेल, गोंधळून जाऊ नका. आणि एक गोष्ट मला फार भारी वाटली की या गटात आता तीसहून जास्त जाती आहेत, थायलंड, व्हिएतनाम, चीनपर्यंत पसरलेल्या, आणि त्या सगळ्यांच्या पसाऱ्याचं पश्चिमेकडचं टोक म्हणजे हा पूर्व नेपाळ-दार्जिलिंगचा पट्टा. इथून पश्चिमेला निघालात तर पुढचा न्यूट (सॅलमँडरमधलाच एक गट, हाही त्यातलाच) थेट इराणच्या डोंगरात भेटतो. मधे एकही न्यूट नाही.

आता तळ्याबद्दल. ज्यांनी हिवाळ्यात जाऊन "तिथे काहीच नाही, नुसतं गवत आहे, फसवणूक" असं लिहिलंय त्यांना माझं म्हणणं आहे की अहो ते तळं आटतंच. दर वर्षी आटतं. चहूबाजूंनी उंच झाडं आणि मधे बशीसारखा खोलगट भाग, पाऊस आला की भरतो, थंडीत कोरडा होतो, गुरं चरतात. आणि हे आटणं हीच त्या जागेची खरी किंमत आहे. कारण जे तळं दर वर्षी आटतं त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून सॅलमँडरची अंडी आणि पिल्लं टिकतात. आपल्याकडे मलेरियावाले जिथे तिथे गप्पी मासे सोडतात ना, तसे मासे अशा तळ्यात सोडले की संपलंच, ते डासांच्या अळ्यांबरोबर सॅलमँडरच्या अळ्याही गिळतात. तळ्याला बारमाही पाणी रहावं, बोटिंग व्हावं, रंगीत मासे दिसावेत, हे जे आपण टुरिस्ट लोक मागतो ना, तेच याच्या मुळावर येतं. आमचा गाइड हे हिंदीत इतकं सरळ सांगत होता की बास, दोन वाक्यांत विषय संपवला त्याने, मी इथे परिच्छेद लिहितेय.

मग कोरड्या दिवसांत हे जातात कुठे? कुठेच लांब नाही. आजूबाजूच्या उतारावर दगडांखाली, कुजलेल्या ओंडक्यांखाली, पालापाचोळ्यात, बिळांत दडून बसतात, थंडीत जवळजवळ निपचित. वळवाच्या सरी पडल्या, जमीन ओली झाली की बाहेर पडायला लागतात आणि रात्री चालत पाण्याकडे येतात. आधी नर येऊन बसतात असं गाइडचं म्हणणं. त्यामुळे तळं सांभाळून भागत नाही, भोवतालचं जंगल आणि चहाचे मळेही लागतात, आणि मधे रस्ता असेल तर गाड्यांखाली येतात. रात्री होमस्टेपासून तळ्यापर्यंत आम्हाला गाडीने न नेता चालवत नेलं त्याचं कारण हेच, पण हे आधी सांगितलं असतं तर आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी वाटभर कटकट केली नसती.

रात्रीचा वॉक. पाऊस रिपरिप चालू, टॉर्च खाली जमिनीकडे धरायचा, पुढच्याच्या पायावर पाय ठेवत जायचं. तळ्याच्या काठाला पोचल्यावर गाइडने सगळ्यांना थांबवलं आणि नुसतं पाण्याकडे बघा म्हणाला. थोडा वेळ काहीच नाही, बेडकांचा आवाज एवढाच. आणि मग पाण्याच्या पृष्ठभागावर एक टपकन आवाज, एक डोकं वर आलं, हवेचा घोट घेतला आणि खाली गेलं. मोठ्या सॅलमँडरना फुप्फुसं असतात त्यामुळे अधूनमधून वर यावं लागतं, आणि बघायची खरी युक्ती हीच आहे, शोधत फिरायचं नाही, एका जागी उभं राहून ते वर यायची वाट बघायची. एकदा नजर बसली की इथे एक, तिथे एक, गवताच्या बुंध्याशी दोन. काठाजवळच्या उथळ पाण्यात एक तर इतका जवळ होता की पाठीवरच्या गाठी मोजता आल्या असत्या.

आणि मग जे दिसलं त्यासाठी मी पाचशे काय हजार दिले असते. एक नर एका मादीभोवती गोल गोल फिरत होता. मादी मोठी, बोजड, जागच्या जागी, आणि हा तिच्या तोंडापाशी येतो, शेपूट हलवतो, पुन्हा फेरी. गाइडने समजावलं की यांच्यात बेडकासारखं पाण्यात अंडी टाकायची आणि वरून नराने शुक्रजल सोडायचं असं नसतं. नर पाण्याच्या तळाशी शुक्राणूंची एक छोटी पुडी ठेवतो आणि मादी त्यावरून जाताना ती स्वतःच्या शरीरात उचलून घेते. म्हणजे संबंध न येता अंडी आतच फळतात. आणि तिने नाही उचलली तर नाही, नराची सगळी मेहनत पाण्यात, शब्दशः. आम्ही पुडी ठेवताना बघितली का, तर नाही, तेवढं दिसत नाही त्या गढूळ पाण्यात, पण फेऱ्या भरपूर बघितल्या.

सकाळचा वॉक त्या मानाने शांत, आणि मला वाटतं बहुतेक लोक तो टाळतील, टाळू नका. अंडी सकाळीच दिसतात. एकाच जागी ढीग नसतो, मादी पाणवनस्पतींच्या पानांना आणि देठांना एकेक सुटं अंडं चिकटवत जाते, पारदर्शक गोळी आणि आत एक बारीक ठिपका. पिल्लं बाहेर येतात तेव्हा मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय दिसतात, यांना आधी पुढचे, हे मला माहीतच नव्हतं. आणि बेडकाची पिल्लं बहुतेक शेवाळ वगैरे खरवडतात पण ही पहिल्यापासून मांसाहारी, पाण्यातले बारीक जीव, डासांच्या अळ्या, आणि भूक लागली तर एकमेकांना पण चावतात. म्हणजे ज्या कामासाठी लोक मासे सोडतात ते काम ही फुकटात करतच असतात! पावसाळा सरता सरता कल्ले जातात, फुप्फुसांवर श्वास सुरू होतो आणि ती पाणी सोडून जंगलात शिरतात. गांडुळं, किडे, गोगलगायी यावर मग पुढची वर्षं निघतात.

गाइडचे नियम कडक आहेत आणि माझ्या मते चार स्टारमधले दोन त्या नियमांचेच. एक म्हणजे हात लावायचा नाही, तोही लावत नाही. त्वचा पातळ आणि ओली, त्यातूनही श्वास घेतात, त्यामुळे आपल्या हाताचं ओडोमॉस, सनस्क्रीन सगळं थेट आत. जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूचं पाणी न्यायचं नाही, काठावर सांडलं तर यांना चटका. त्याऐवजी लीच सॉक्स, म्हणजे जळू आत शिरू न देणारे लांब मोजे, घाला. दुसऱ्या तळ्यातून चिखलाचे बूट घालून आलात तर ते आधी धुवायला लावतो, कारण उभयचरांच्या कातडीवर वाढणारी बुरशी चिखलातून पसरते. युरोपात फायर सॅलमँडरचा फडशा पाडणारी बुरशी २०१३ मध्ये ओळखली गेली, ती मूळची आशियातली मानतात. फ्लॅश बंद. आणि पाण्यात उतरायचं नाही, कुणीही, फोन पडला तरी.

आता ज्यामुळे मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला ते. याच ट्रिपमध्ये दुसऱ्या एका जागी, नाव लिहीत नाही, एका टूरवाल्याने आम्हाला "सॅलमँडर शुअर शॉट, नाही दिसला तर पैसे परत" म्हणून नेलं होतं. तिथे काय, तर प्लास्टिकच्या टबात दोन सॅलमँडर, वीतभर पाणी, आणि लोक हातात घेऊन फोटो काढतायत. एका मुलाने उलटा केला पोट बघायला. ते दिवसभर तिथेच, मग म्हणे संध्याकाळी सोडतो. बरं सोडतो कुठे, तर जवळच्या झऱ्यात, आणले होते भलत्याच डबक्यातून. हे प्राणी वर्षानुवर्षं आपल्याच ओळखीच्या पाण्याकडे परत येतात, भलतीकडे सोडणं म्हणजे सोडणं नव्हेच. शिवाय हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे, पकडणं हाच गुन्हा. फोटो मात्र छान येतात, आणि सोशल मीडियावर तेच फिरतात, आणि ते बघून पुढचा माणूस नामथिंगच्या गाइडला विचारतो की दादा एक काढून दाखवा ना बाहेर. आमच्या समोर विचारलं एकाने. गाइड नुसता हसला आणि नाही म्हणाला. तो पर्यटक नंतर एक स्टार देणार याची मला खात्री आहे, म्हणून माझे चार आधीच जमा करून ठेवतेय.

झूचं सांगते म्हटलं होतं. दार्जिलिंगचं पद्मजा नायडू हिमालयन झू, १९५८ पासूनचं, रेड पांडा आणि हिमबिबट्यांसाठी प्रसिद्ध, तिथे सॅलमँडरच्या प्रजननाचंही काम चालतं. पाऊस-चिखल नको असेल तर तो योग्य मार्ग. आणि जोरपोखरी, सुखियापोखरीच्या अलीकडे, ती तर सॅलमँडरसाठीच १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालेली जागा, क्षेत्रफळ सगळं मिळून ०.०४ चौरस किलोमीटर, म्हणजे चार हेक्टर, फिरायला सुरुवात करेपर्यंत संपतं. हवा स्वच्छ असेल तर कांचनजंगा दिसतो, तळ्यात नागाची मूर्ती आहे, बदकं आहेत, फॅमिली फोटोला मस्त. सॅलमँडर बघायचा असा हट्ट धरून मात्र तिथे जाऊ नका, दुपारच्या गर्दीत तो वर येऊन दर्शन देणार नाहीये.

एक स्टार कापला त्याची कारणं. टॉर्च. गाइडचा एक सोडला तर आम्हाला दिलेले टॉर्च अर्ध्या वाटेत मंद झाले, आपले घेऊन जा, हेडलॅम्प असेल तर उत्तम. गमबूट देतो म्हणाले होते पण मोठ्या मापाचे नव्हतेच, ग्रुपमधले दोघे चपला घालून चिखलात. माहिती सगळी तोंडी, एखादं साधं चित्रांचं कार्ड असतं तर मुलांना किती उपयोग झाला असता, नर कोणता मादी कोणती, अंडं कसं, पिल्लू कसं. आणि वेळ. सात म्हणून सांगितलं आणि निघालो जवळजवळ साडेआठला, का तर पाऊस जोरात होता. हे कारण मला पटलं पण फोन करून सांगायला काय जातं. जेवणाबद्दल तक्रार नाही, होमस्टेच्या दीदींनी रात्री परत आल्यावर गरम डाळ-भात आणि राईच्या पानांची भाजी वाढली, ती वॉकच्या पैशांत नव्हती हे बिल आल्यावर कळलं, पण ठीक आहे.

जायचं कसं तर एनजेपी (न्यू जलपायगुडी स्टेशन) किंवा बागडोगरा विमानतळाहून सेवोक, काळीझोरा आणि तिथून वर. पावसाळ्यात हायवेवर दरड पडून रस्ता बंद व्हायची सवय आहे, परतीच्या ट्रेनच्या दिवशीच खाली उतरायचा प्लॅन करू नका, एक दिवस हाताशी ठेवा. वाटेत सिंकोनाचे मळे लागतात, क्विनीन ज्यापासून काढायचे ते झाड, थांबून बघा. कधी जायचं तर मेच्या शेवटापासून जुलैपर्यंत, नराच्या त्या फेऱ्या आणि अंडी बघायची असतील तर. कल्लेवाली पिल्लं बघायची असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर. डिसेंबरात गवत दिसेल, ते पण बघण्यासारखं आहे पण मग रिव्ह्यूत रडू नका.

बुकिंग होमस्टेमधूनच होतं, ऑनलाइन काही नाही, नेटवर्क पण धड नाही, त्यामुळे एक दिवस आधी जाऊन रहा आणि दीदींना सांगून ठेवा. सहाच्या वर लोक घेत नाहीत. आणि त्या रात्री पाऊस पडलाच नाही तर वॉक रद्द करतात, पैसे घेत नाहीत, कितीही आग्रह केला तरी.